शैलाक्काची अर्धी झोप

इचलकरंजीत शैलाक्का जॉबर कुठं राहतात असं विचारलंत तर कुणीही घर दाखवेल, आणि दाखवता दाखवता ताश्कंदची गोष्टही ऐकवेल. तिथल्या गिरणीत एक एअरजेट माग तीन दिवस रुसून बसला होता. परदेशी इंजिनियर संगणक लावून थकले. शैलाक्कांनी मागाच्या पाठीवर थाप मारली, कान टेकवला आणि म्हणाल्या, "ह्याला तहान लागलीया." बघतात तर हवेत पाण्याची फवारणी करणारा पंप बंद. पंप सुरू झाला, माग सुरू झाला, आणि उपकार फेडावे म्हणून त्या मागानं रात्रीतून कापडाचा एक जादा ताका विणून दिला. जादा ताक्याचं सोडून द्या. बाकी सगळं खरं आहे.

तर या शैलजा दिलीप कबनूरकर, वय एकसष्ट. बावीस वर्षं माग बसवायला आणि बिघडलेले सुधारायला त्या जगभर एकट्या हिंडल्या. अदिस अबाबा, ढाका, बुर्सा, ताश्कंद. जिथं सूत तिथं शैलाक्का. कंपनीचा करार ऑर्लेना नावाच्या हॉटेलांशी होता, त्यामुळं मुक्काम कायम ऑर्लेनातच. तिथं काढलेल्या प्रत्येक रात्रीचा खात्यात तारा जमा व्हायचा, आणि ताऱ्यांच्या बदल्यात पुढं कुठल्याही देशात फुकट राहता यायचं. इतर लोक ते तारे लगेच उधळायचे. शैलाक्कांनी बावीस वर्षांत एकही खर्चला नाही.

"कशाला साठवतीयास?" नवरा दिलीपराव विचारायचे.

"लागतील," एवढंच उत्तर.

आणि २०४३ सालच्या वसंतात ते लागले. लेक सानिका पोटुशी होती. ती नॉर्वेच्या पार उत्तरेला, ट्रॉम्सो गावात, समुद्राच्या पाण्यातलं मीठ मोजायचं काम करायची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. पण सानिकाला डॉक्टरांनी विमान बंद केलं. तेव्हा शैलाक्कांनी ठरवलं, लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेर लेकीकडं जाईल. सव्वा महिना राहायचं, अंगाला तेल लावायचं, शेक द्यायचा, बाळाला न्हाऊ घालायचं.

राहायचं मात्र लेकीच्या घरात नाही. त्या थंड मुलखात नव्या इमारती थर्मासच्या बाटलीसारख्या बंद असतात. आत हवा किती सोडायची याचं गणित घरात किती माणसं श्वास घेतात त्यावर. सानिकाच्या एका खोलीचा परवाना दोन मोठी माणसं आणि एक तान्हं एवढाच. तिसरं मोठं माणूस रात्री झोपलं की भिंत ओरडायला लागते. पण घरासमोर रस्ता ओलांडला की ऑर्लेना हॉटेल होतं.

स्वयंपाकघरात दिलीपराव डिंक तळत होते. बायको सतत दौऱ्यावर, त्यामुळं घरचा स्वयंपाक बावीस वर्षं त्यांच्याकडंच होता, आणि गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींनी त्यांच्या हातचे लाडू खाल्ले होते. शैलाक्कांनी खाटेवर बसून फोन उघडला, एक्केचाळीस रात्रींची मागणी टाकली, आणि पडद्याकडं बघत राहिल्या.

"अहो."

"काय?"

"ह्यात सहाच दाखवतंय."

"सहाशे असतील. चष्मा लाव."

"सहा. अकराशे चाळीस रात्री काढल्या, आणि मिळणार सहा."

दिलीपरावांनी गॅस बारीक केला.

आता हा घोळ समजून घ्यायचा तर थोडं मागं जायला हवं. पूर्वी ऑर्लेनात झुरिकच्या एका रात्रीला दहा तारे मिळायचे आणि ढाक्याच्या एका रात्रीला एक, कारण ढाक्यात खोली स्वस्त. खर्च करताना मात्र सगळ्यांना झुरिकचाच भाव. म्हणजे गरीब देशात घाम गाळणाऱ्यानं दहा वर्षं हिंडावं आणि श्रीमंत देशातल्यानं एका वर्षात त्याला गाठावं. याविरुद्ध देशोदेशीच्या प्रवाशांनी ओरड केली, लवाद बसला, आणि ऑर्लेनानं सगळ्यांचं तोंड बंद होईल असा तोडगा काढला. पैसा मोजायचाच नाही, म्हणाले. पाहुण्याचा जीव आमच्या जागेत किती रमतो, तेवढंच मोजू. आणि ते मोजू झोपेवरून, कारण झोपलेला मेंदू कुठल्या देशाचा आहे हे कुणालाच ओळखता येत नाही.

यामागं खरंखुरं शास्त्र होतं. बदक तळ्याकाठी एक डोळा उघडा ठेवून झोपतं, तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या मेंदूची एक बाजू झोपते, दुसरी पहारा देते. माणसाचंही थोडं तसंच असतं. नव्या जागी पहिल्या रात्री आपल्या मेंदूची एक बाजू गाढ झोपते आणि दुसरी उंबऱ्यावर बसून राहते. कडी वाजली की तीच आधी दचकते. म्हणून नव्या जागी झोप लागूनही सकाळी अंग जड असतं. जागा ओळखीची झाली, भरवसा बसला, की मग ती बाजूही पाय पसरते.

हे ओळखायला पूर्वी डोक्याला तारा चिकटवाव्या लागत. मग हेलसिंकीतल्या एका बाईंच्या लक्षात आलं की मेंदूची जागी बाजू हृदयालाही धड विसावू देत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर एका ठरावीक चालीनं कमीजास्त होतं. प्रत्येक ठोक्यासरशी अंगाला बारीक हादरा बसतो, आणि गादीखाली एक पातळ पट्टी ठेवली की तो तिला कळतो. तार नको, टोपी नको. अशा पट्ट्या ऑर्लेनाच्या गाद्यांखाली आधीपासून होत्याच, खोलीत माणूस नसला की दिवे बंद करायला. त्यामुळं मागच्या सगळ्या रात्री नव्या काट्यावर पुन्हा तोलता आल्या. एकट्या माणसाचा आकडा डळमळीत असतो, म्हणून त्याला त्याच्या मुलखाच्या सरासरीनं गुणायचं, एवढी एक पुस्ती जोडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बातमी वाचून शैलाक्कांनीही मान डोलावली होती.

त्यांनी ऑर्लेनाला फोन लावला. यंत्राचा गोड आवाज शुद्ध मराठीत म्हणाला, "आदरणीय शैलजाजी, आमच्या नोंदीनुसार आपण बावीस वर्षांत एकही रात्र झोपलेल्या नाहीत."

"काय बोलतीस?"

"पहाटे पाच वाजता आपण पलंगावर दोन मिनिटं बसता आणि उठता. आपल्या दख्खन विभागातील बहुतेक पाहुणे असेच रात्रभर जागे राहतात. आमच्याविषयी इतका अविश्वास का, हे जाणून घ्यायला आम्हाला आवडेल. आपल्यासाठी झोपेच्या औषधी चहाची सवलतही आहे."

शैलाक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या पलंगावर कधी झोपल्याच नव्हत्या. दिवसभर मागाखाली वाकून कंबर अशी धरायची की मऊ गादीत पडलं तर सकाळी क्रेननं उचलावं लागेल. म्हणून त्या घरची सतरंजी नेऊन खाली अंथरायच्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपायच्या. पण खोली आवरायला येणाऱ्या पोरीनं न चुरगळलेली चादर बघितली तर ती काय म्हणेल, बाई रानातनं आली का काय? म्हणून पहाटे उठून पलंगावर दोन मिनिटं बसायचं, उशी बुक्क्यांनी चेपायची, चादर विस्कटायची. हे नेमानं, अकराशे चाळीस वेळा.

दिलीपराव लाडू वळायचे थांबले होते. त्यांचे खांदे हलत होते.

"हसू नका."

"हसत न्हाई. डिंकाचा धूर गेला डोळ्यात."

संध्याकाळपर्यंत दिलीपरावांनी फोन करून करून सगळा मुलूख धुंडाळला. सांगलीचे हळदवाले, तासगावचे द्राक्षवाले, कोल्हापूरचे चपलांचे निर्यातदार. प्रत्येकजण आधी आढेवेढे घ्यायचा आणि मग कबूल करायचा. कुणी गादी ओढून खाली घ्यायचा, कुणी घोंगडं अंथरायचा, आणि सकाळी झाडून सगळे पलंग विस्कटायचे. हे आपण एकटेच करतो असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि लाजेपायी कुणी कधी बोललं नव्हतं. त्या लाजेची किंमत आता पलंगावर झोपणारेही मोजत होते, कारण मुलखाची सरासरी जगात तळाला गेली होती.

शैलाक्कांनी तक्रार नोंदवली. एकटीची नाही, सगळ्या मुलखाची. दोन दिवसांनी ट्रॉम्सोच्या ऑर्लेनातून एका माणसाचा फोन आला. हाकोन त्याचं नाव. हॉटेलांच्या उत्तर विभागाचा समन्याय अधिकारी, म्हणजे सगळ्या पाहुण्यांना एकच माप लागतंय ना हे बघणारा. दोघांच्या कानात दुभाषी यंत्राची बोंडं होती, त्यामुळं हाकोन दर वाक्यात पोथी वाचल्यासारखा बोलायचा.

"आपण जमिनीवर झोपत होता हे मला पटतं," तो म्हणाला. "परंतु माझ्याकडे पुरावा नाही. आपले सहा मुक्काम आहेत. त्या काळात आपण पलंगावर झोपा. एकदा तरी मेंदूच्या दोन्ही बाजू सलग चार तास शांत राहिल्या, तर आपल्या जुन्या सगळ्या रात्री ग्राह्य धरता येतील."

"आणि मुलखाचं?"

"तेही त्याच नोंदीवरून ठरेल."

जून महिन्यात शैलाक्का ट्रॉम्सोत उतरल्या. त्या दिवसांत तिथं सूर्य मावळत नाही. दमलेला पाहुणा दाराशी घुटमळावा तसा क्षितिजापर्यंत येतो आणि परत फिरतो. हॉटेलातली माणसं जाड पडदे ओढायची आणि त्यालाच रात्र म्हणायची.

सानिका पोट सावरत दारात उभी होती. शैलाक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाळलीस."

"आई, चौदा किलो वाढले मी."

"तोंडावर वाळलीस. लाडू खा."

जावई ओंकार मिरजेचा. माशांच्या शीतगोदामात यंत्रमानवांची देखभाल करायचा आणि सासूला फार भ्यायचा, कारण घरातलं कुठलंही यंत्र बिघडलं की ते त्याच्याआधी सासूच दुरुस्त करायच्या. आल्या दिवशीच त्यांनी कपडे वाळवायचं यंत्र उघडून बसवलं, आणि तो बिचारा पेचकस हातात देत उभा राहिला.

झोपेचं मात्र जमेना. पहिल्या मुक्कामी शैलाक्का पलंगावर अशा पडल्या की दलदलीत म्हैस. उठल्यावर भिंतीवरच्या पट्टीत पिवळा दिवा. अर्धी झोप. दुसऱ्या मुक्कामी हाकोननं गादीत फळी घातली. कंबर सुखावली, दिवा पिवळाच. तिसऱ्या मुक्कामी केशर घातलेलं गरम दूध घेतलं, पायांना तेल चोळलं, गिरणीतल्या मागांचा खडखडाट फोनवर लावला, कारण त्या आवाजात त्यांना हमखास पेंग यायची. पिवळा.

न्याहारीच्या टेबलावर हाकोन आलेख घेऊन बसला. उंच, लालसर दाढीचा, पन्नाशीतला माणूस. त्याला कुणाचंही वाईट वाटायचं आणि ते लपवता यायचं नाही.

"आपली एक बाजू क्षणभरही हलत नाही," तो म्हणाला. "सामान्यतः तिसऱ्या रात्रीपर्यंत ती थकते. आपली थकत नाही. क्षमा असावी, पण आपण कशावर पहारा देत आहात?"

"कशावर न्हाई," शैलाक्का म्हणाल्या. "गादी नवी हाय."

पण त्यांना ठाऊक होतं. फोन उशीखाली होता. खिडकीचा पडदा त्यांनी चार बोटं उघडा ठेवला होता आणि त्या फटीतून समोरच्या इमारतीची तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसायची. ज्या आईची लेक आजउद्यावर आलेली आहे, तिला दोन्ही बाजूंनी झोप म्हणून सांगणं हे नदीला जरा थांब म्हणून सांगण्यासारखं. हॉटेलावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. जगावर नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी सानिकाला कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी, भरउन्हात, मुलगी झाली. पावणेतीन किलो, डोक्यावर जावळ, आणि आवाज असा की दवाखान्याच्या परिचारिकेनं खिडकी तपासली. शैलाक्कांनी बाळाच्या हाताची बोटं मोजली, मग पायाची मोजली, मग पुन्हा हाताची.

"आई, तेवढीच आहेत," सानिका म्हणाली.

"बघितलेलं बरं."

तिथं दवाखान्यात फार ठेवून घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी मायलेकी घरी. त्या दिवशी बाळ अखंड रडलं. सहाव्या दिवशी दुपारी ओंकार कामावर गेला आणि सानिका बाळाला छातीशी बांधून रस्ता ओलांडून आईच्या खोलीत आली. डोळे सुजलेले, केसांत कंगवा नाही.

"आई, दोन दिवस झाले, मी डोळा मिटला की ही उठते. आणि ही झोपली की मला झोप येत नाही. वाटतं, हिचा श्वास थांबला तर."

"दे हिकडं."

शैलाक्कांनी बाळ घेतलं, सतरंजीवर मांडी घातली आणि गुडघा हलवायला लागल्या. "पड तिथं पलंगावर. हिचं पोट टम्म झालंय, मी शेकते. तू काळजी करायची न्हाई."

"पाच मिनिटं फक्त."

सानिका आडवी झाली. पुढचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. शैलाक्का बाळाच्या पोटावर ओव्याची कोमट पुरचुंडी फिरवत राहिल्या. लेकीचा श्वास लांब होत गेला, तोंड थोडं उघडं पडलं, अगदी सहा वर्षांची असताना पडायचं तसं. असे साडेचार तास गेले. शैलाक्कांच्या पायाला मुंग्या आल्या, पण त्यांनी मांडी बदलली नाही.

आणि भिंतीवरचा दिवा हिरवा झाला.

सानिका उठून बसते तोवर फोनवर पत्र हजर. आदरणीय शैलजाजींनी आमच्यावर दाखवलेल्या पूर्ण विश्वासाबद्दल आभार. एक्केचाळीस रात्री मंजूर.

कामावरून थेट आलेल्या ओंकारनं ते दोनदा वाचलं. "म्हणजे सानिकाची झोप तुमच्या नावावर पडली? आई, आता एक शब्द बोलू नका."

"आई, प्लीज," सानिका म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "उद्या तुझे सहा दिवस संपतात. हॉटेलला पैसे भरायचे तर माझा चार महिन्यांचा पगार जाईल. तू गेलीस तर मी एकटीनं कसं करू?"

शैलाक्का लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. बावीस वर्षं ज्यासाठी साठवलं ते समोर आलं होतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि हाकोन आत आला. बूट बाहेर काढून, हातात बाळासाठी लोकरीची टोपी. आनंदानं त्याची दाढीसुद्धा फुलली होती.

"अभिनंदन. दोन्ही गोष्टींचं. आणि आपल्या मुलखाची तक्रारही निकालात निघाली."

"कशी?"

"पाहुणीनं मनावर घेतलं तेव्हा ती पूर्ण झोपली. म्हणजे यंत्राचं माप बरोबर आहे. बाकीच्यांनी असा पुरावा दिलेला नाही, म्हणून दख्खनचा आकडा आहे तोच बरोबर. आज संध्याकाळी मी फाईल बंद करतो."

शैलाक्कांनी सानिकाकडं पाहिलं. सानिकानं मान खाली घातली. एका बाजूला ही दोन दिवसांची बाळंतीण. दुसऱ्या बाजूला हळदवाले, द्राक्षवाले, आणि शैलाक्कांच्या हाताखाली शिकून उद्या एकट्या ढाक्याला जाणाऱ्या चार नव्या पोरी, ज्यांच्या रात्री आता कायमच्या कवडीमोलाच्या ठरणार होत्या.

"बसा," त्या हाकोनला म्हणाल्या. "ती झोप माझी नव्हे. लेकीची हाय."

ओंकारनं डोळे मिटून घेतले.

हाकोन खुर्चीवर टेकला. "मग आपण कुठे होता?"

"हितं खाली. पोरगी मांडीवर घेऊन."

"जाग्या?"

"म्हंजे काय? दोघी झोपल्यावर कुणीतरी जागं नको?"

हाकोननं आलेख पुन्हा उघडला. मग सानिकाला विचारलं, "आपण या खोलीत याआधी कधी झोपला होता?"

"कधीच नाही."

"एकदाही नाही?"

"नाही हो. समोर तर घर आहे माझं."

हाकोन सावकाश बोलायला लागला, आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगत गेलं. "शास्त्र असं सांगतं की नव्या जागी पहिल्या झोपेत एक बाजू जागी राहतेच. ही जागा आपल्याला पूर्णपणे नवी. तरी तिसऱ्या मिनिटाला दोन्ही बाजू शांत. सात वर्षांत इतकी गाढ झोप मी कधी पाहिली नाही. म्हणजे विश्वास जागेवर नव्हताच. पहाऱ्याचं काम दुसऱ्या कुणीतरी उचललं होतं, म्हणून आपली बाजू मोकळी झाली."

त्यानं खिशातून वही काढून भराभर देशांची नावं लिहिली. ज्या मुलखांतले लोक नवराबायको मिळून प्रवास करतात, त्यांचे आकडे वर. जिथली माणसं कामासाठी एकटी धाडली जातात, त्यांचे खाली. अदिस, ढाका, दख्खन.

"आम्हाला वाटत होतं आम्ही हॉटेलवरची माया मोजतो," तो हळूच म्हणाला. "आम्ही मोजत होतो, शेजारी कोण आहे ते. सतरंजी सोडा, आपण बावीस वर्षं पलंगावर झोपला असता तरी पिवळाच दिवा लागला असता."

"ते झालं," शैलाक्का म्हणाल्या. "आता उद्या मी सामान कुठं ठेवू ते सांगा."

हाकोननं दाढी खाजवली. "मंजूर रात्री रद्द कराव्या लागतील. पण फाईल आता बंद होत नाही, समितीकडे जाते. आणि नियम असा आहे की निर्णय होईपर्यंत पुरावा जागेवरून हलवायचा नाही."

"कसला पुरावा? गादी?"

"गादी. आणि आपण. आपल्या कन्या आणि ही छोटी शेजारीच राहतात, त्यांना हलवायला नको."

"मी पुरावा?"

"क्रमांक एक."

"किती दिवस?"

"मी झटपट काम केलं तर दहा." हाकोननं वही मिटली. "मी सहसा झटपट काम करत नाही."

ओंकारनं डोळे उघडले आणि त्या माणसाला मिठी मारावी की नाही या विचारात दोन पावलं पुढं जाऊन परत आला. मग म्हणाला, "लाडू घेणार का?"

हाकोननं तपासात कसलीही कसर ठेवली नाही. आठवडाभर तर त्यानं प्रश्नावलीच लिहिली. समितीचे तीन सदस्य तीन देशांतून आले आणि त्यांनी प्रयोग केले. एका सत्तरीच्या सदस्याला त्याच्या ब्याण्णव वर्षांच्या आईनं शेजारी खुर्ची टाकून झोपवलं, तर पट्टी म्हणाली की यंत्र तपासा, माणूस इतका गाढ झोपू शकत नाही. त्या म्हाताऱ्या बाईनं म्हणे त्यानंतर ट्रॉम्सोतल्या सगळ्या हॉटेलांतून स्वतःची फी ठरवली. ही शेवटची गोष्ट ओंकार सांगतो, आणि ओंकार मिरजेचा.

शैलाक्का तोवर आपल्या कामात होत्या. रोज सकाळी रस्ता ओलांडायचा, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, लेकीला तेल लावायचं, शेक द्यायचा, हळिवाची खीर करायची. बाळाचं नाव ठेवलं उष्मा. एवढ्या थंडीत तेच बरं, असं दिलीपरावांनी फोनवर सुचवलं होतं आणि वर विचारलं होतं, "पुरावा जेवला का वेळेवर?"

बाळाच्या एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी निकाल आला. हाकोननं तो उभं राहून वाचला. मुलखामुलखाचे गुणक रद्द. झोप मोजणं बंद. कुठल्याही देशात, कुठल्याही देशाच्या माणसानं काढलेली एक रात्र म्हणजे एक तारा, आणि मागच्या सगळ्या रात्रींना हेच लागू. मग तो थांबला.

"वाचा की," शैलाक्का म्हणाल्या.

"तपासणीच्या काळात पलंग दुसऱ्या व्यक्तीला वापरू दिल्याबद्दल नियमानुसार पाहुणीचं खातं बंद करण्यात येत आहे. मी तीन वेळा आक्षेप घेतला. मला लाज वाटते."

सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अकराशे चाळीस रात्री, आई."

शैलाक्कांनी थोडा विचार केला. त्या सगळ्या रात्री, ती सगळी गावं, भिंतीकडं तोंड करून झोपलेली एकटी बाई. "ज्यासाठी ठेवल्या होत्या ते झालं," त्या म्हणाल्या. "आणि त्या चार पोरींचं लागलं न्हवं मार्गी? मग झालं की. तुम्ही कशाला लाजताय हाकोनराव, बसा, खीर घ्या."

हाकोन खीर खाऊन गेला. विमान संध्याकाळचं होतं. दुपारी सानिका बाळाला घेऊन हॉटेलच्या खोलीत आली, सामान बांधायला म्हणून. बांधायचं काही उरलं नव्हतं.

"आई, तू झोप जरा. वेळ आहे अजून."

"मला कुठली झोप. तू पड, मी बघते हिला."

"नको. मी आहे ना जागी."

शैलाक्का उलटून काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी लेकीकडं पाहिलं. सानिका भिंतीला टेकून बसली होती, उष्मा मांडीवर. बोलत होती आईशी, पण एक हात बाळाच्या छातीवर होता, आणि बाहेर रस्त्यावर कुणाच्या गाडीचं दार आपटलं तशी तिची नजर आधी दाराकडं गेली, मग बाळाकडं, मग आईकडं. तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं. सव्वा महिन्यापूर्वी ही पोरगी बाळाचा श्वास थांबेल म्हणून भ्यायची. आता ती भीत नव्हती. पहाऱ्यावर होती.

शैलाक्का खाली आडव्या झाल्या. कंबर टेकली. एक बाजू लगेच विसावली. दुसरी नेहमीप्रमाणं उंबऱ्यावर जाऊन बसली, तिला सानिका जन्मल्यापासूनची, तीस वर्षांची सवय होती. तिथं बसून तिनं ऐकलं. सानिका बाळाला थोपटत होती. मग हळूच शैलाक्कांच्या खांद्यावरही तसाच एक हात पडला आणि त्याच लयीत थोपटायला लागला.

दारावर टकटक झाली. हाकोनचा आवाज, कुठल्यातरी शेवटच्या कागदावर सही हवी होती.

"हळू बोला," सानिका म्हणाली. "आई झोपलीय. नंतर या."

अजून झोपले नाही गं, असं शैलाक्कांना म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं काम ज्या बाजूचं होतं, तिनं पाय पसरले होते.